चटका न लागणारे पाय

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "ताई, डोळे मिटा. मी तुमच्या तळपायाला एक दोरा लावते. लागला की हो म्हणा."

मी डोळे मिटले. परक्या माणसासमोर बोलायची मला फार लाज वाटते, म्हणून ‘हो’ नीट निघावं यासाठी आधीच घसा साफ करून घेतला आणि वाट पाहत बसले. पंख्याचा आवाज येत होता. बाहेर कोणी तरी नंबर पुकारत होतं. मला वाटलं, मॅडमना दोरा सापडत नसेल.

मग त्या म्हणाल्या, "झालं. उघडा डोळे."

मी विचारलं, "सुरू कधी करता?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. म्हणाल्या, "दोन्ही पायांना सगळीकडे लावून झाला, ताई. तुम्ही एकदाही हो म्हणाला नाहीत."

तो दोरा म्हणजे मासे पकडायच्या गळाला असतो तसला जाड नायलॉनचा तुकडा, दांडीला बसवलेला. त्याला मोनोफिलामेंट म्हणतात. मॅडमनी तो माझ्या हाताच्या पंजाला लावून दाखवला तर मला गुदगुली झाली. पायाला मात्र काही नाही. जणू पाय दुसऱ्या कोणाचे होते आणि मी ते फक्त सोबत घेऊन आले होते.

"याला न्यूरोपॅथी म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "शुगर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा खराब होतात. पायाला काय झालं ती खबर डोक्यापर्यंत पोचतच नाही."

मी गेले होते ते उजव्या अंगठ्याखालच्या जखमेसाठी. अशा जखमेला अल्सर म्हणतात, म्हणजे आपली आपण भरून न येणारी जखम. मॅडमनी एक बारीक सळई जखमेत हलकेच घातली. तेव्हाही दुखलं नाही. त्या म्हणाल्या, "आत कडक लागतंय. हाड असू शकतं. जंतू हाडात शिरले असतील तर अंगठा काढावा लागेल. आजच भरती व्हा. एमआरआय करू, मग कळेल."

माझे यजमान शेजारी उभे होते. त्यांचं तोंड उतरलं. आणि मला त्या क्षणी काय आठवलं असेल? कुरोड्या! गच्चीवर पांढऱ्या धोतरावर वाळत घातलेल्या कुरोड्या.

का ते सांगते.

आम्ही प्रताप नगरला राहतो. खाली आम्ही आणि वर माझ्या मोठ्या जाऊबाई. त्यांना सगळं घर नुसतं ‘बाई’ म्हणतं. उन्हाळा लागला की आमच्या गच्चीवर आजूबाजूच्या बाया जमतात. कुरोड्या, सरगुंडे, पापड, सगळं एकत्र होतं. मी चौथीपर्यंत शिकलेली, चारचौघींत तोंड न उघडणारी बाई. लग्नात, हळदीकुंकवाला मी कोपरा धरते. पण गच्चीवर माझ्या हाताला मान आहे. गव्हाचा चीक किती शिजला ते मी पळी फिरवून सांगते. साचा माझ्या हातात असला की कुरोडी तुटत नाही. वर्षातले तेवढे दिवस लोक मला हाक मारतात आणि वाट पाहतात. ते दिवस माझे असतात.

आता गच्चीचा नियम. वाळवणात चप्पल चालत नाही. अन्न आहे ते. हा नियम आमच्या सासूबाईंचा, आणि त्या गेल्यावर बाईंनी तो आणखी कडक केला. नागपूरचं ऊन तुम्हाला माहीत असेलच. दुपारी गच्चीवर पाय ठेवायची सोय नसते. पण कुरोड्या दुपारीच उलटाव्या लागतात, नाही तर खालून ओल्या राहतात. आमची शेजारीण रेखा गेली की नुसत्या उड्या मारायची, "माय वं! माय वं!" करत परत यायची. बाई तर कधी उन्हात येतच नसत. जिन्याच्या दारात, सावलीत पिढं टाकून हुकूम सोडायच्या.

आणि मी? मी आरामात चालत जायची, एकेक कुरोडी उलटायची, चालत परत यायची.

"पाहा वं पोरींनो," बाई म्हणायच्या, "आमच्या सुमनचे पाय लोखंडाचे हायेत! तुमच्यासारखे लोण्याचे नाई."

सगळ्या हसायच्या. मी लाजायची, पण आतून फुलून जायची. वर्षा-दोन वर्षांत पायाच्या मुंग्याही थांबल्या होत्या. आधी तळपायाला मुंग्या यायच्या, आग व्हायची, रात्री पाय कूलरसमोर धरून बसावं लागे. मग एकदम सगळं शांत झालं. मला वाटलं, शुगरच्या गोळीने गुण आला. मी देवासमोर साखर ठेवली होती त्या दिवशी!

माझ्यासारखीच कोणी हे वाचत असेल तर तिने इथे थोडं थांबावं. मुंग्या थांबणं म्हणजे पाय बरा होणं नव्हे. नस ओरडून ओरडून थकली आणि गप्प झाली, असंही असतं. मला हे मॅडमनी सांगितलं. मी तुम्हाला सांगते.

हे सगळं सुरू झालं त्या दिवशी मी दुपारी जास्त वेळ उन्हात होते, कारण वारा सुटला होता आणि धोतराची टोकं दाबून ठेवायची होती. संध्याकाळी यजमान घरी आले. त्यांचं कूलर दुरुस्तीचं काम आहे, उन्हाळ्यात त्यांना जेवायलाही सवड नसते. आल्या आल्या त्यांनी फरशीवर ओले ठिपके पाहिले.

"काय वं, कूलर गळून राहिला काय?"

"नाही तर," मी म्हटलं.

त्यांचा विश्वास बसेना. लोकांचे कूलर दुरुस्त करणाऱ्याच्या घरचा कूलर गळतो म्हणजे काय! त्यांनी टाकी पाहिली, पाइप पाहिला, पंप काढून पाहिला. सगळं कोरडं. मग टॉर्च घेऊन ठिपक्यांच्या मागे मागे निघाले. ठिपके स्वयंपाकघरात गेले, तिथून मोरीत, तिथून परत. शेवटी ते माझ्यापाशी येऊन थांबले.

"सुमन, पाय वर कर बरं."

तळपायाला मोठा फोड आला होता आणि तो फुटून पाणी येत होतं. मी त्यावर दुपारपासून चालत होते. भाकरी केल्या होत्या, भांडी घासली होती. पाय गळत होता आणि यजमान कूलरमध्ये भोक शोधत होते! आज मला याचं हसू येतं. त्यांना अजून येत नाही.

मग व्हायचं तेच झालं. हळद लावली. रेखाने सांगितलं म्हणून टूथपेस्ट लावली. बाईंनी कुठलं तरी तेल दिलं. दुखत नव्हतं, त्यामुळे मी रोजच्यासारखी चालत राहिले. दुखलं असतं तर लंगडले असते, लंगडले असते तर जखमेला थोडा आराम मिळाला असता. पाय सुजला, घाण वास यायला लागला, थंडी वाजून ताप आला, तेव्हा कुठे आम्ही धरमपेठेतल्या त्या दवाखान्यात गेलो.

आणि मॅडमनी डोळे मिटायला सांगितलं.

भरती झाल्यावर पहिली तपासणी डॉपलरची झाली. डॉपलर म्हणजे पायात रक्त नीट जातं का ते ऐकायचं यंत्र. पेनासारखी कांडी असते, पायावर थंड जेली लावून ती टेकवतात. सिस्टरने कांडी इकडे तिकडे फिरवली. नुसती खरखर. आणि मग एकदम आवाज आला, फुस्, फुस्, फुस्!

"ऐका मावशी," सिस्टर म्हणाली, "हा तुमच्या पायाचा आवाज."

कसं सांगू मला काय वाटलं! इतके दिवस मुका झालेला माझा पाय बोलत होता! मी लाज विसरून म्हटलं, "अजून एकदा लावा ना." सिस्टर हसली आणि तिने पुन्हा लावलं. रक्त चांगलं पोचतंय म्हणजे जखम भरायला आशा आहे, असं मॅडम म्हणाल्या. यजमान बाहेर होते. त्यांना मी तोंडाने फुस् फुस् करून दाखवलं. ते म्हणाले, "माझा पंप बी असाच वाजते, नवा असला की." बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं हसलो.

त्यानंतर डिब्राइडमेंट झालं. मेलेलं मांस कापून जखम साफ करायची, त्याला डिब्राइडमेंट म्हणतात. मॅडम कापत होत्या आणि मी छताकडे पाहत होते. मला काहीच लागत नव्हतं. शेजारच्या खाटेवरची पेशंट म्हणाली, बरंय तुमचं, दुखत नाही. मी मान हलवली. पण मनात म्हटलं, देवा, थोडं तरी दुखू दे.

हातातून सलाइन, सलाइनमधून जंतू मारायचं औषध, पोटात इन्सुलिनची सुई. सारखी बोटं टोचून शुगर पाहायचे. एमआरआय झाला. तो म्हणजे मोठा बोगदा, त्यात पाय घालून आतले फोटो काढतात आणि ठोकाठोकीचा मोठा आवाज होतो. रिपोर्ट लगेच मिळत नाही. तो येईपर्यंत वाट पाहायची.

त्या वाट पाहण्यात बाई भेटायला आल्या. डबा आणला होता, ज्वारीची भाकर आणि भाजी. खाटेपाशी उभ्या राहून माझ्या पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहत राहिल्या.

मग म्हणाल्या, "काहून वं, तू बोलत काहून नाई? चटका नाई लागत म्हणून सांगाचं होतं ना डॉक्टरले!"

"बाई, मला काय माहीत, लागायला पाहिजे म्हणून."

"अन् मी आपली लोखंड लोखंड करून राहिली." त्यांनी डबा जोरात स्टुलावर ठेवला. "जेव आता. अंगठ्याले काई होत नाई. कुरोड्या कोन पाडन मग? ती रेखा? तिच्या कुरोड्या पाहून कावळे बी हसते."

मी जेवले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसूही येत होतं. अंगठा गेला तर माणूस मरत नाही, हे मला कळत होतं. पण साचा दाबताना सगळा जोर पायाच्या अंगठ्यांवर येतो. उकिडवं बसून, अंगठे जमिनीत रोवूनच साचा दाबावा लागतो. माझं एवढंच एक आहे, असं मी त्या खाटेवर मनात बोलत होते. तेवढं राहू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम राउंडला आल्या. फाइल बघण्याआधीच त्यांच्या तोंडाकडे पाहून मला कळलं.

"हाड साफ आहे!" त्या म्हणाल्या. "सळईला कडक लागलं ते हाड नव्हतं. अंगठा ओढणारी दोरी असते आत, ती लागली. अंगठा राहतोय, ताई. आता तो राखायचं काम तुमचं."

यजमानांनी मॅडमना हात जोडले आणि मग चुकून वॉर्ड झाडणाऱ्या मावशींनाही जोडले. मी काय केलं? मी पांघरूण बाजूला करून अंगठा हलवून पाहिला. हलला! जाणवलं नाही, पण डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून माझं हे असंच आहे. जे पायाला कळत नाही, ते मी डोळ्यांनी पाहते.

जंतू आटोक्यात आले, पू थांबला, मग पायाला गुडघ्याच्या खालपर्यंत प्लास्टर घातलं. हाड मोडलेलं नसताना प्लास्टर कशाला, असं सगळे विचारायचे. त्याला ऑफलोडिंग म्हणतात. ऑफलोडिंग म्हणजे जखमेवरचा भार काढून घेणं. चालताना वजन सगळ्या पायावर वाटलं जातं, जखमेवर पडत नाही. दर आठवड्याला प्लास्टर कापायचे, जखम मोजायचे, नवीन घालायचे. दर वेळी जखम थोडी लहान! आधी सुपारीएवढी, मग हरभऱ्याएवढी, मग तुरीच्या दाण्याएवढी. प्लास्टर कापायची मशीन सुरू झाली की मी मॅडमच्या तोंडाकडे पाहत राहायची, शाळेत निकालाच्या दिवशी बाईंकडे पाहावं तशी. आणि एका आठवड्याला मॅडम म्हणाल्या, "बंद झाली!" तिथे गुलाबी कातडी होती, नव्या बाळासारखी.

घरी आल्यावर मी पायांची चाकरी सुरू केली. तळपाय वाकून दिसत नाही. माझं पोटही मध्ये येतं. यजमानांकडे कूलरच्या मागे पाहायचा दांडीवरचा छोटा आरसा आहे. तो त्यांनी घासूनपुसून मला दिला. रोज अंघोळीनंतर मी आरशात तळपाय पाहते, बोटांच्या मध्येही पाहते. कुठे लाल आहे का, कुठे चीर आहे का. पाय धुवायचं पाणी आधी यजमान कोपर घालून पाहतात, कारण माझ्या पायाला गरम कळत नाही आणि अजून कधी कधी मी विसरते. पुसताना बोटांच्या बेचक्या कोरड्या करते. खोबरेल तेल लावते, पण बेचक्यांत नाही, तिथे ओल राहून चिखल्या होतात. नखं सरळ कापते, कोपरे खोदत नाही. पूर्वी मी घट्टे ब्लेडने तासायची! आता आठवलं तरी अंगावर काटा येतो. आणि घरातसुद्धा अनवाणी एक पाऊल टाकत नाही.

चप्पल घ्यायला आम्ही सीताबर्डीला गेलो, बाईही आल्या. मॅडमनी एमसीआरची चप्पल सांगितली होती. त्यात मऊ रबर असतं, अंगठ्याची कडी नसते, आणि मागे पट्टा असतो, म्हणजे चप्पल नकळत पायातून निसटत नाही. दुकानदाराने काढून दाखवली. काळी, जाड, रुंद.

बाई म्हणाल्या, "बाप्पा! हे तं पेन्शनवाल्या बुढ्याची चप्पल दिसते वं!"

मी घालून आरशासमोर उभी राहिले. उजवा अंगठा पट्ट्याखाली पूर्ण होता. मला ती चप्पल जगातली सगळ्यात सुंदर चप्पल वाटली. "दोन जोड द्या," मी दुकानदाराला म्हटलं. यजमान माझ्याकडे पाहतच राहिले. दुकानात मी स्वतः बोलले होते!

दुसरा जोड कशाला, हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

उन्हाळा आला. गहू भिजले, चीक शिजला, बाया जमल्या. सकाळी मी दुसरा जोड काढला. नवा कोरा, तरी साबणाने धुतलेला. तो जमिनीला लागलेला नव्हता. रोजचा जोड पायात होता, नवा हातात धरून जिना चढले आणि वरच्या पायरीवर उभी राहिले. बाई दारात पिढ्यावर होत्या. त्यांनी चपलेकडे पाहिलं.

"अन्नात, सुमन?"

बाईंनी चप्पल घालायला नाही म्हटलं असतं, तर मी खाली परत जाणार होते आणि पुन्हा कधी गच्चीवर येणार नव्हते. अंगठा वाचला आणि गच्ची गेली, असं झालं असतं.

मी म्हटलं, "बाई, ही गच्चीबाहेर कधी जाणार नाही. पण आधी एक करता? डोळे मिटा."

"काहून?"

"मिटा तर. रेखा, तू पण. सगळ्या मिटा. मी पायाच्या बोटांना हात लावीन. लागला की हो म्हणा."

हे मला दवाखान्यातल्या सिस्टरने शिकवलं होतं. दोरा नसला तरी बोटाच्या टोकाने अगदी हलका स्पर्श करायचा. दाबायचं नाही, घासायचं नाही. मी रेखाच्या बोटाला लावला तर ती किंचाळली. "हाव! हाव! गुदगुली होते ना वं!" सगळ्या हसू लागल्या. दुसरीही हाव म्हणाली, तिसरीही.

मग मी बाईंपुढे बसले. बाईंना शुगर आहे, पण त्या म्हणतात, माझी छोटी शुगर आहे. मी त्यांच्या दोन्ही अंगठ्यांना हात लावला. मग मधल्या बोटांना, मग करंगळ्यांना. पुन्हा एकदा लावला. बाया हसायच्या थांबल्या.

बाई डोळे मिटून, मान ताठ करून बसल्या होत्या. म्हणाल्या, "लाव ना वं! केव्हा लावतं? चीक थंडा होऊन राहिला तिकडे."

मला माझाच आवाज ऐकू आला. सुरू कधी करता.

"बाई," मी म्हटलं, "झालं."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, सगळ्यांकडे पाहिलं. मग हात पुढे केला आणि म्हणाल्या, "आण इकडे ते बुढ्याची चप्पल." त्यांनी ती पायात घातली आणि पट्टा मी लावला. रेखा माझ्या पायातला रोजचा जोड काढून खाली पळाली आणि तो साबणाने धुऊन घेऊन आली. त्या दिवशी चीक थोडा थंड झाला आणि पहिल्या काही कुरोड्या तुटल्या. बाईंनी कोणाला बोल लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना घेऊन मॅडमकडे गेले. रांगेत मी पुढे होते, नाव मी सांगितलं. बाईंच्या पायाला अजून कुठे जखम नाही, घट्टा नाही, रक्त चांगलं आहे. त्यांचाही पाय बोलला, फुस्, फुस्! मॅडम म्हणाल्या, "अगदी वेळेवर आणलंत." माझे पाय, ज्यांना काही कळत नाही, ते त्या दिवशी जमिनीवर नव्हते.

आता गच्चीच्या दाराशी सगळ्यांच्या धुतलेल्या चपला ओळीने असतात आणि पिढ्यावरून बाई ओरडतात, "बिना चपलीचं कोनी पाय ठेवला वाळवणात तं पाहा!" मी साचा दाबते. अंगठे रोवते. दोन्ही.

मॅडम, सिस्टर, तो आरसा देणारे माझे यजमान, सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. पण मला तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्हाला शुगर असेल, छोटी असो की मोठी, तर आजच घरातल्या कोणाला तरी सांगा. डोळे मिटा, पाय पुढे करा. स्पर्श लागला तर जोरात हो म्हणा, हसा, गुदगुली झाली म्हणून ओरडा. ते फार मोठं सुख आहे. आणि नुसती वाट पाहत बसलात, तर समोरच्याला घाई करू नका. त्याचं कदाचित झालेलं असेल. उठा, चप्पल घाला आणि डॉक्टरकडे जा.